उष्ट्या हळदीचा चेहरा

कैवल्य हुपरीकरच्या चेहऱ्यावर पहिली जाहीर टीका झाली ती दहावीच्या निरोप समारंभात. फोटोग्राफरने तीनदा फोटो काढला, तीनदा कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बघून मान हलवली आणि शेवटी मुख्याध्यापकांना म्हणाला, "सर, मागच्या ओळीतला तो उजवीकडचा दिवा तेवढा बंद करता का?"

मागच्या ओळीत उजवीकडे दिवा नव्हता. कैवल्य होता.

त्या दिवसापासून वर्ग त्याला 'कढई' म्हणू लागला. तसे सगळे प्रेमळच होते. बोर्डाच्या परीक्षेत वीज गेलीच तर कढईला मधल्या बाकावर बसवायचं, असंही त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

पुढची दहा वर्षं कैवल्यने स्वतःच्या चेहऱ्याशी युद्ध केलं. साबण, मुलतानी माती, लिंबू, बेसन, कडुलिंबाचा पाला. कुणी सांगितलं म्हणून एकदा टूथपेस्टसुद्धा. धुतल्यावर चेहरा अर्धा तास पापडासारखा ताणलेला राही, मग नाकावर पहिला थेंब हजर. मॉइश्चरायझर हा शब्द घरात काढायची सोय नव्हती. आई म्हणायची, "आधीच भजं, त्यात आणखी तेलात सोडायचं?"

नशिबाने त्याला नोकरीही अशी दिली की विसरायला नको. शिरोलीच्या एका फाउंड्रीत तो ओतीव भागांची तपासणी करायचा. पंपाचं कवच हातात घ्यायचं, पृष्ठभाग गुळगुळीत आहे का बघायचं, फोड किंवा खड्डा दिसला की बाजूला टाकायचं. दिवसभर तो हे करी आणि संध्याकाळी आरशासमोर उभा राहून तेच करी. फक्त तिथे माल बाजूला टाकता येत नसे.

शेवटी आईच त्याला डॉक्टर फरीदा बागवान यांच्याकडे घेऊन गेली. त्वचेच्या डॉक्टर म्हणून कोल्हापुरात त्यांचं नाव होतं आणि रुग्णाला न हसता हसवण्याबद्दल त्याहून जास्त होतं.

"दिवसातून किती वेळा तोंड धुतोस?"

"मोजत नाही."

"बरं. साबणालाच विचारते." त्यांनी भिंगातून त्याचा गाल पाहिला. "मला सांग, तेल आणि पाणी एकच असतं का?"

"नाही."

"मग झालं तर. तुझ्या त्वचेवर तेल भरपूर आहे आणि पाणी नाही. दुकानात गर्दी आणि फडताळं रिकामी, अशातली गत. तेलाच्या ग्रंथी तुझ्या साबणाला विचारून काम करत नाहीत, त्या शरीरातल्या संप्रेरकांचं ऐकतात. तू साबणाने खरवडतोस तो त्वचेचा वरचा थर, पाणी धरून ठेवणारा. म्हणजे चोर सोडून तू वॉचमनला मारतोयस. तेही दहा वर्षं."

आईने कैवल्यकडे असं पाहिलं की जणू वॉचमन तिच्या माहेरचा होता.

मग डॉक्टरांनी 'दहिवर' काढलं. तेव्हा ते बाजारात येऊन दोनेक वर्षं झाली होती. प्रत्येकाच्या त्वचेवर जिवाणू राहतात, त्यांतले काही तेलावर जगतात, आणि तेलाचे तुकडे करताना त्यांच्याकडून थोडं ग्लिसरीन सुटतं. हे ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं. म्हणजे निसर्गाने मॉइश्चरायझरचा कारखाना प्रत्येकाच्या नाकावर उघडून ठेवलाच आहे, फक्त तो सरकारी वेगाने चालतो. दहिवरवाल्यांनी त्याचा वेग वाढवला होता. तुमच्याच गालावरचे जिवाणू घ्यायचे, प्रयोगशाळेत त्यांना जास्त तेल खायला आणि जास्त ग्लिसरीन सोडायला शिकवायचं आणि परत तुमच्याच चेहऱ्यावर त्यांची वस्ती बसवायची.

ही वस्ती आपसात बोलायची. शब्दांत नव्हे, वासात. आपल्या नाकाला न येणाऱ्या वासात. कपाळावर तेल वाढलं की कपाळवाले हनुवटीवाल्यांना मदतीला बोलवत. सगळ्या चेहऱ्याची सरासरी काढून वस्ती ग्रंथींनाही कळवायची, आता आवरा किंवा आता येऊ द्या. कैवल्यसारख्यांच्या ग्रंथी 'आवरा' सहजी ऐकत नाहीत. त्यांच्यासाठी रोज सकाळी एक थेंब लावायचा होता, वस्तीची 'येऊ द्या' ही हाक दाबून ठेवणारा.

"एकच खोट आहे," डॉक्टर म्हणाल्या. "माणूस घाबरला की त्वचेत जी रसायनं येतात ती ह्या जिवाणूंना सोसत नाहीत. काम टाकून ते छिद्रांत दडी मारतात आणि तोंडातलं तेल नाकावर टाकून जातात. म्हणजे घाबरलास की लगेच चमकशील. एरवी नाही."

"मी एरवीही घाबरलेलाच असतो."

"मग तुला काही नवीन वाटणार नाही. टॉवेल, उशी, दाढीचं सामान कुणाला द्यायचं नाही. वस्ती दुसऱ्याच्या चेहऱ्यावर गेली तर ती दोन चेहऱ्यांना एकच समजेल."

आईची शंका वेगळी होती. "डॉक्टर, हळद लावली तर मरतील का हो हे?"

"नाही मरत. पहिल्या वर्षी आपल्या लोकांनी ह्यांच्या वस्त्याच्या वस्त्या हळद लावून साफ केल्या. तेव्हापासून कंपनी हळदीला दाद न देणारे जिवाणूच पाठवते. ओळखून आहे ती आपल्याला."

आईचं समाधान झालं. त्यापुढचा प्रश्न कुणाला सुचला नाही.

वस्ती बसली आणि कैवल्यचा चेहरा शांत झाला. फाउंड्रीतल्या भाषेत सांगायचं तर पास झाला. त्याने आरशात बघितलं, नंतर चहाच्या चमच्यात बघितलं आणि वर्षभराने लग्नाला होकार दिला.

मुलगी सांगलीची होती, देवयानी कवठेकर. जनावरांची डॉक्टर, त्यातही म्हशींची. बघण्याच्या कार्यक्रमाला जाताना कैवल्य एवढा घाबरलेला होता की एका थेंबाच्या जागी त्याने तीन थेंब लावले. दोघांना गच्चीवर बोलायला पाठवलं तेव्हा देवयानीने पहिल्यांदा त्याचं नाकच बघितलं.

"तुमचं नाक फार कोरडं आहे."

"म्हणजे?"

"म्हशीचं असतं तर ताप बघितला असता. निरोगी म्हशीचं नाक ओलं असतं." मग ती हसली. "सॉरी. सवय आहे."

पुढे 'तुम्ही'चं 'तू' झालं. एकदा कृष्णेच्या घाटावर ती म्हणाली, "तुझा चेहरा बघितला ना, की बरं वाटतं. दिवसभर धडका देणाऱ्या तोंडांशी गाठ असते माझी. हा कसा गप्प बसून राहतो."

कैवल्य त्याच संध्याकाळी तिला सगळं सांगणार होता. कढई, दहिवर, रोजचा थेंब, सगळं. पण ज्या चेहऱ्याची एवढी तारीफ झाली तो आपला नाही, भाड्याचा आहे, हे घाटावर बसून सांगायचं कसं? त्याने भेळेचा विषय काढला. त्यानंतरही दोनदा सांगायला गेला आणि दोनदा भेळच खाऊन आला.

आणखी एक भीती होती, ती देवयानीच्या आईची. वैजयंतीबाई कधी हसत नसत. ओठांचे कोपरे शिवून टाकल्यासारखे बंद. लग्नाला 'आमचा होकार आहे' हे त्यांनी ज्या चेहऱ्याने सांगितलं, त्या चेहऱ्याने लोक सुतक कळवतात. ह्यांना मी पसंत नाही, अशी कैवल्यची खात्रीच झाली होती.

हळदीच्या दिवशी कैवल्यला पाटावर बसवलं. हळद सांगलीचीच, देवयानीच्या बापूकाकांनी मुद्दाम पाठवलेली. बापूकाका मार्केट यार्डात हळदीचे दलाल होते आणि लग्नाला दुसऱ्या कुणाची हळद वापरली असती तर ते मांडवातच आले नसते. बायकांनी कैवल्यला कानापासून मानेपर्यंत माखलं. मग रीतीप्रमाणे त्याच्या गालांवरून, कपाळावरून, नाकावरून ती हळद पुन्हा निपटून स्टीलच्या डब्यात भरली. नवऱ्याची ही उष्टी हळद नवरीला लागल्याशिवाय तिची हळद होत नाही.

डबा न्यायचं काम धाकट्या बहिणीचं, मृणालचं. ती चालकाविना धावणाऱ्या गाडीत बसली तेव्हा गाडीने विचारलं, "सांडण्याजोगा काही माल आहे का?"

"दादा आहे," मृणाल म्हणाली, "पातळ केलेला."

गाडीने बेताने वेग धरला आणि पन्नास किलोमीटरवर सांगलीला उष्टी हळद सुखरूप पोचली. नवरीला लागली. मग नवरीची आई, मावशी, काकू, आत्या, चुलतबहिणी ह्यांनी ती एकमेकींना फासली. त्यांनी एकजुटीने बापूकाकांना गाठलं, हळदीच्या माणसाला हळद नको होय, म्हणत त्यांचंही तोंड रंगवलं. डब्यात काही राहिलं नाही.

हळदीला दाद न देणारे जिवाणू बसवले होते. हळदीवर बसून ते प्रवास करतील, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

लग्न पार पडलं. दोन-तीन आठवड्यांनी जरा उशिराच मांडवपरतणीला म्हणून नवराबायको सांगलीला गेले. देवयानीला कोल्हापुरात अधूनमधून नाक तेलकट वाटायचं, तिने ते तिथल्या पाण्यावर ढकललं होतं.

जेवायला सगळे एका पंगतीला बसले. बापूकाकांनी कुठलातरी जुनाच किस्सा सांगितला आणि वैजयंतीबाई हसल्या. साधं नव्हे, खळखळून, दात दिसतील असं. पंगत थबकली. शीलामावशींच्या हातातला घास हातातच राहिला. ह्या घरात ते हसू कुणी बरेच हिवाळे ऐकलं नव्हतं.

"काय बघताय?" वैजयंतीबाई म्हणाल्या. "जेवा. जावईबापू, भरल्या वांग्यात मीठ बरोबर आहे ना?"

मीठ दोनदा पडलं होतं. कैवल्य म्हणाला, "अगदी बरोबर, आई."

समोर बसलेल्या वैजयंतीबाईंचं नाक चमकलं. त्यांच्या शेजारी मावशींचं चमकलं. मग काकूंचं, मग आत्याचं, आणि दिवाळीत माळ पेटत जावी तशी चमक पंगतीच्या टोकाला बापूकाकांपर्यंत जाऊन थांबली. काकांनी धोतराच्या सोग्याने नाक पुसलं. "गरम होतंय काय रे?"

देवयानी खाली मान घालून जेवत नव्हती. ती बघत होती. गोठ्यात एकाच वेळी चार म्हशी खोकल्या की ती जशी बघते, तशी.

"कैवल्य, तुझं नाव काय?"

"आं? कैवल्य."

नाकं हळूहळू विझली.

"आईची वांगी कशी झालीत?"

"छान."

नाकं पेटली.

"संसर्ग आहे," देवयानी म्हणाली. "आणि उगम तुझ्याकडे आहे. तुला ह्यातलं काही माहीत आहे?"

तीनदा जी संधी त्याने भेळेत घालवली, ती आता ताटासमोर येऊन बसली होती. कैवल्यने तोंड उघडलं आणि म्हणाला, "मला काय माहीत?"

डझनभर नाकं अशी झळाळली की वरच्या दिव्याचं प्रतिबिंब त्यांत मोजून घ्यावं. शीलामावशी पुटपुटल्या, "अग बाई, जावई खोटं बोलला की आपल्याला कळतं!" ह्या शोधाचा त्यांना आनंद झाला होता. देवयानीला झाला नव्हता. तिने ताट उचललं. जाताना म्हणाली, "उद्या सकाळी गोठ्यावर ये."

कैवल्यने न्हाणीघरात जाऊन डॉक्टर बागवानांना फोन लावला. सगळं ऐकून त्यांनी त्याला हळदीच्या डब्याची गोष्ट पुन्हा एकदा सांगायला लावली.

"उष्टी हळद," त्या अखेर म्हणाल्या. "कंपनीने टॉवेलचा विचार केला, उशीचा केला, चुंबनाचाही केला. नवऱ्याला खरवडून डब्यात भरतात आणि परगावी पाठवतात, हे बिचाऱ्यांना कोण सांगणार? आता तुम्ही सगळे मिळून एक चेहरा आहात. तू घाबरलास की तुझी वस्ती पळते, ती पळाली असं बाकीच्यांच्या वस्तीला वासाने कळतं, की ती पण पळते."

"उपाय?"

"एक द्रव आहे, त्याने सगळ्यांनी एकदमच तोंड धुवायचं. एकजण जरी राहिला तरी त्याच्यावरून परत पसरेल. पण तुझी वस्ती एकदा गेली की पुन्हा बसत नाही. शरीर ओळखून ठेवतं तिला. तू परत पहिल्यासारखा होशील. कायमचा."

न्हाणीघरातल्या आरशात कैवल्यला त्याचा शांत, पास झालेला चेहरा दिसत होता. फक्त नाक सोडून.

सकाळी तो गोठ्यावर पोचला तेव्हा देवयानीचा एक हात खांद्यापर्यंत म्हशीच्या आत होता. बोलण्यासाठी ही जागा त्याने निवडली नसती, पण निवड त्याची नव्हती.

त्याने सांगितलं. दहावीचा फोटो, दिवा, कढई, साबण, वॉचमन, दहिवर, थेंब. तिला बघायच्या दिवशी लावलेले तीन थेंबसुद्धा. सांगता सांगता तिचं नाक चमकत होतं आणि तिचा एक हात आत आणि दुसऱ्यात शेपटी असल्यामुळे तिला पुसताही येत नव्हतं.

"झालं?" ती म्हणाली.

"झालं."

"तू तेलकट आहेस ह्याचा मला राग आलेला नाही. माझी अर्धी पेशंटं शेणात लोळतात." तिने हात बाहेर काढला, बादलीत बुडवला. "ही म्हैस आठ दिवस वेदनेत होती. कुठे दुखतंय ते मला शोधायला लागलं, कारण तिला सांगता येत नाही. तुला तोंड आहे, कैवल्य. ते बघूनच तर मी हो म्हटलं."

म्हशीने शेपटी हलवली. तिचं मत देवयानीच्या बाजूने होतं.

"धुऊन टाक ते. सगळ्यांबरोबर. माझं लग्न कुणाशी झालंय, मला एकदा बघू दे. मग ठरवते."

"काय ठरवते?"

देवयानी बादलीकडे वळली. साबण घेऊन खांद्यापासून हात चोळायला लागली. कैवल्यच्या मनात आलं की हा साबण जरा कडक आहे, पण ही वेळ सल्ला द्यायची नव्हती.

रविवारी डॉक्टर बागवान स्वतःच द्रवाच्या बाटल्या घेऊन सांगलीला आल्या. असा एक डझनी चेहरा वैद्यकशास्त्रात पहिलाच होता, त्यांना तो सोडवत नव्हता. अंगणात पाण्याच्या बादल्या मांडल्या. प्रत्येकाच्या हातात बाटली. डॉक्टर म्हणाल्या, "मी तीन म्हणते, मग सगळ्यांनी एकदम."

"मी नाही धुणार," वैजयंतीबाई म्हणाल्या.

"वहिनी, चेष्टा करू नका," बापूकाका म्हणाले.

"मी कधी चेष्टा केलीय?" हे खरं होतं. वैजयंतीबाई बाटलीकडे बघत बोलत राहिल्या. "माझी कातडी लहानपणापासून कोरडी. हिवाळ्यात गाल तडकतात, ओठाचे कोपरे फाटतात. हसलं की रक्त येतं. खोबरेल झालं, तूप झालं, नाही नाही ती मलमं झाली. मग मी हसायचंच सोडलं. देवू दुसरीत असताना बक्षीस घेऊन आली, धावत. मी हसले नाही. ती मला विचारत होती, आई, तुला आवडलं नाही का?" त्यांनी देवयानीकडे पाहिलं नाही. "हळदीपासून पहिल्यांदा मला न दुखता हसता येतंय. जावईबापू, तुमच्या तोंडावरचं ते काय आहे ते, मला पाहिजे."

देवयानी आईकडे बघत होती आणि तिला दुसरीतलं ते बक्षीस आठवत होतं, हे तिच्याकडे बघणाऱ्या कुणालाही कळलं असतं.

कैवल्यच्या मनात मात्र एक सुंदर विचार आला. सासूबाईंसाठी. धुवायचंच नाही. वस्ती राहील, म्हणजे चेहराही राहील. आणि वर मोठेपणा मिळेल.

"मग काय," तो म्हणाला, "आईंसाठी राहू दे आहे तसं."

सगळी नाकं चमकली.

देवयानीने त्यांच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. तिने हातातली बाटली खाली ठेवली. ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

डॉक्टर वैजयंतीबाईंच्या ओठाचा कोपरा भिंगातून बघत होत्या. "आहे तसं राहणार नाही," त्या म्हणाल्या. "ही बघा, बारीक चीर पडायला लागलीय पुन्हा. बाई, तुमच्या ग्रंथी जाग्या झाल्या त्या जावयाच्या वस्तीच्या हाकेने. 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणणारी हाक. आणि तीच हाक हा रोज सकाळी थेंब लावून दाबतो. तुमच्यापर्यंत पोचतंय ते उरलंसुरलं. थोड्या दिवसांत तेही थांबेल."

"थेंब नाही लावला तर?" कैवल्यने विचारलं.

"तर हाक मोकळी होईल. ह्यांच्या कोरड्या त्वचेला ती बेताची पडेल. तुझ्या त्वचेला मात्र..." डॉक्टरांनी भिंग खाली घेतलं. "वस्ती असून नसल्यासारखी. त्यांना खाऊन संपणार नाही इतकं तेल. तू परत दिवा होशील."

कैवल्य बादलीत बघत राहिला. पाण्यात त्याचा चेहरा हलत होता. त्याला मागची ओळ आठवली, आरसे आठवले, चमचेही आठवले. फाउंड्रीत आठवड्यापूर्वीच त्याने एक कवच बाजूला टाकलं होतं, पृष्ठभागावर डाग म्हणून. मुख्य कारागिराने ते परत आणून त्याच्यासमोर ठेवलं होतं, साहेब, पंप आतून चालतो, म्हणत.

अंगणात सगळे एकमेकांची नाकं बघत होते. आधी आत्याचं विझलं. मग काकूंचं. मग मावशींचं, मग बापूकाकांचं. एकेक नाक शांत होत गेलं आणि शेवटी देवयानीने स्वतःच्या नाकाला बोट लावून पाहिलं. कोरडं. तो काही बोलायच्या आधीच तिला कळलं.

"उद्यापासून थेंब बंद," कैवल्य म्हणाला. कुणाचंही नाक चमकलं नाही.

"पण मी तरी धुतो बाबा," बापूकाका बाटली उघडत म्हणाले. "सौद्यात बसलो की नाक सगळं सांगून टाकतं."

"तुम्ही धुणार नाही," काकू म्हणाल्या. "इतकी वर्षं मला जे कळत नव्हतं ते आता जेवायला बसल्यावर कळतं."

काकांनी बाटली बंद केली. तसं त्यांचं नुकसान झालं नाही. हळदीचा दर सांगताना ज्याचं नाक कोरडं राहतं तो दलाल खरा, असं यार्डात पसरलं आणि शेतकरी काकांना शोधत यायला लागले. खरं बोलायची सवय व्हायला काकांना थोडा त्रास झाला, पण झाली.

उरला अंतराचा प्रश्न. कैवल्य कोल्हापुरात, सासूबाई सांगलीत. वास एवढा लांब जात नाही. ह्यावर डॉक्टरांनी कंपनीला विचारलं, कंपनीने मोठी समिती नेमली. समिती बसायच्या आधीच मृणालने उपाय काढला. दर रविवारी कैवल्यने तोंड पुसलेला नॅपकिन स्टीलच्या डब्यात बंद करायचा आणि चालकाविना गाडीने सांगलीला पाठवायचा. पहिल्या वेळी गाडीने विचारलं, "सांडण्याजोगा काही माल आहे का?" पुढे तिने विचारणं सोडून दिलं.

थेंब बंद झाला आणि कैवल्यचं तेल परतलं, अगदी थाटात. पण ह्यावेळी त्याने वॉचमनला हात लावला नाही. सकाळ-संध्याकाळ सौम्य फेसवॉश, तोंड ओलसर असतानाच पाण्यासारखं हलकं मॉइश्चरायझर, बस. त्वचा ताणत नव्हती, सोलत नव्हती, तिला प्यायला पाणी मिळत होतं. चमकत होती, एवढंच. फाउंड्रीत कुणी काही म्हणालं नाही. एकाने फक्त विचारलं, "लग्न मानवलं वाटतं?"

देवयानीने काय ठरवलं ते तिने सांगितलं नाही. पण एका सकाळी तिने स्वतःचा टॉवेल धुवायला टाकला आणि तोंड कैवल्यच्या टॉवेलला पुसलं.

दिवाळसणाला दोघं सांगलीला गेले. हवेत गारठा आला होता, वैजयंतीबाईंच्या तडकायच्या दिवसांतला. फराळानंतर बापूकाकांनी सगळ्यांना अंगणात उभं केलं आणि कॅमेरा तिपाईवर ठेवला. आजकालचे कॅमेरे स्वतःच बोलतात.

"फ्रेममध्ये उजवीकडे प्रकाशाचा एक स्रोत आहे," कॅमेरा म्हणाला. "काढून टाकू का?"

मागची ओळ, उजवी बाजू. कैवल्य सवयीने खाली बघायला लागला, पण देवयानीने त्याची हनुवटी धरून वर केली आणि म्हशीला बघते तसं एक बोट त्याच्या नाकाला लावलं.

"ओलं आहे," ती म्हणाली. "निरोगी."

"काढून टाकू का?" कॅमेऱ्याने पुन्हा विचारलं.

"अजिबात नाही," वैजयंतीबाई म्हणाल्या. "तो आमचाच आहे." आणि त्या एवढ्या मोठ्याने हसल्या की फोटो थोडा हलला, आणि तोच सगळ्यांनी ठेवला.